अण्णांचे डिस्ट्रिक्ट जज आणि माझे

समन्स आलं ते मी जवळजवळ फेकूनच देणार होते. इथे अमेरिकेत टपालपेटीत रोज एवढा कचरा येतो ना, गालिचे धुऊन देतो, छप्पर बदलून देतो, की सरकारी पाकीटही त्यातलंच वाटतं. नवऱ्याने बघितलं, म्हणाला, "अगं हे फेडरल कोर्टाचं आहे, फेकलंस तर तुलाच घेऊन जातील." ज्युरी ड्युटी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवायला साध्या नागरिकांतून निवडलेल्या बारा जणांत बसायचं. युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट, न्यूअर्क, म्हणजे केंद्र सरकारचं कोर्ट. मला सिटिझन होऊन दोनच वर्षं झाली होती, मतदार म्हणून नाव घातलं तेव्हा मी हौसेने पेढे वाटले होते, पण त्याच यादीतून ज्युरीसाठीही उचलतात हे काही कोणी सांगितलं नव्हतं.

रात्री साताऱ्याला वडिलांना फोन केला. अण्णांना एवढंच ऐकू गेलं की कोर्टाचं समन्स आलंय. "काय केलंस?" काही नाही अण्णा, ज्युरीत बसायला बोलावलंय. "कुठल्या कोर्टात?" डिस्ट्रिक्ट कोर्टात. मग मात्र आवाजच बदलला. "म्हणजे डिस्ट्रिक्ट जज साहेबांसमोर बसणार तू?"

आता हे समजायला आमचं घर माहीत पाहिजे. अण्णा साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात ३१ वर्षं, ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले आणि शिरस्तेदार होऊन रिटायर झाले. आमच्याकडे 'साहेब' म्हणजे डिस्ट्रिक्ट जज, दुसरं कोणी नाही. साहेबांचा आज मूड कसा होता, बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) किती मोठा होता, साहेबांची बदली कुठे होणार, साहेब आज जेवले का, यावर आमच्या घरातलं संध्याकाळचं वातावरण ठरायचं. एकदा एका खुनाच्या केसमध्ये जन्मठेप सुनावली त्या दिवशी साहेबांचा डबा जसाच्या तसा परत गेला, पट्टेवाल्याने अण्णांना सांगितलं, अण्णांनी आईला सांगितलं, आणि त्या रात्री आमच्याकडेही कोणी नीट जेवलं नाही, मी तेव्हा आठवीत असेन. तर मला वाटायचं डिस्ट्रिक्ट जज म्हणजे काय ते मला चांगलंच माहितीय.

मार्चमधली सकाळ, २०२५. मेट्रोपार्कहून ट्रेनने न्यूअर्क पेन स्टेशन, तिथून चालत. फेडरल कोर्टाच्या इमारतीला मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आहे आणि बाहेर न्यायदेवतेचं नुसतं डोकं आहे, धड नाहीच, भलंमोठं डोकं आणि डोळ्यावर पट्टी. आपल्या चंद्रचूड साहेबांनी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात नवी मूर्ती बसवली तिची पट्टी काढलीय, त्याच्यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर मारामाऱ्या चालल्या होत्या, ते आठवून हसूच आलं.

आत विमानतळासारखी तपासणी, मग एका मोठ्या हॉलमध्ये वाट बघत बसायचं. शाळामास्तर, ट्रक ड्रायव्हर, नर्स, एक पोरगा तर रात्रपाळी करून तसाच आलेला, सगळे एकाच रांगेत. दिवसाला ५० डॉलर मिळतात, प्रवासखर्च वेगळा, आणि ज्युरीत गेला म्हणून कंपनी नोकरीवरून काढू शकत नाही असा फेडरल कायदाच आहे. (माझ्या मॅनेजरचं तोंड मात्र वाकडं झालंच. मीटिंगमध्ये "हॉलिडे कसा चाललाय" म्हणाला. असो.)

आम्हा पन्नासेक जणांना एका कोर्टरूममध्ये नेलं. लाकडी भिंती, उंच डायस, मागे गरुडाचं चिन्ह. कोणीतरी "ऑल राइज" म्हणालं आणि साहेब आले. साठीच्या आसपासचे, बारीक, जरा वाकून चालणारे. नाव लिहीत नाही. मी अगदी शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखी ताठ उभी.

मग निवड. साहेब स्वतः प्रश्न विचारतात, घरात कोणी पोलीस आहे का, कोणाचं सरकारशी भांडण झालंय का, कोणी कधी गुन्ह्याचा बळी ठरलंय का. घरातलं कोणी कोर्टात कामाला आहे किंवा होतं का, विचारल्यावर मी हात वर केला. म्हटलं माझे वडील भारतात डिस्ट्रिक्ट कोर्टात ३१ वर्षं होते. साहेबांनी चष्मा काढला. काय काम करायचे? आता शिरस्तेदारला इंग्रजीत काय म्हणायचं हो? फायली, रोजनामा, बोर्ड, स्टाफची हजेरी, साहेबांचा चहा, सगळंच. घाबरून मी सांगून टाकलं की कोर्ट तेच चालवायचे. सगळी कोर्टरूम हसली. साहेबही हसले, खाली टेबलाशी बसलेल्या त्यांच्या कोर्टरूम डेप्युटी बाईंकडे बोट करून म्हणाले, "मग तुमच्या वडिलांची खुर्ची इथे यांच्याकडे आहे." बाईंनी मान डोलावली, अगदी अण्णांसारखीच, माहीतच आहे मला या अर्थाने.

मला वाटलं आता काढतीलच. अशा केसमध्ये बचावाच्या वकिलाला १० जणांना आणि सरकारी वकिलाला ६ जणांना काहीही कारण न देता नाही म्हणता येतं. पण दोघांनीही मला ठेवलं. ज्युरर नंबर सात.

केस कोविडच्या काळातल्या सरकारी कर्जाची. छोट्या धंद्यांना कामगारांचे पगार द्यायला सरकारने पैसे दिले होते, तर आमच्यासमोरच्या माणसाने जे कामगार नव्हतेच त्यांची पगारपत्रकं लावून तीनेक लाख डॉलर उचलले असा आरोप. तपशील यापेक्षा जास्त सांगत नाही. पहिल्याच दिवशी साहेबांनी तंबी दिली की गुगल करायचं नाही, घरी बोलायचं नाही, एकमेकांतही शेवटपर्यंत केसबद्दल बोलायचं नाही.

त्यामुळे अण्णांची फार पंचाईत झाली. रोज फोन, आणि केसचं विचारायचं नाही हे त्यांना चांगलंच ठाऊक, म्हणून बाकीचं सगळं विचारायचे. साहेब किती वाजता बसतात? साडेनऊ म्हणजे साडेनऊ. पुकारा कोण करतं? त्या डेप्युटी बाईच. स्टेनो आहे का? आहे, छोट्याशा मशीनवर एक बाई न बघता टाइप करते आणि तिला साहेबांनाही थांबवायचा हक्क आहे, "युवर ऑनर, हळू" असं ती दोनदा म्हणाली. हे अण्णांना अजिबात पटलं नाही. आणि त्यांचा आवडता प्रश्न, "मुदत मागितली का कोणी?" मागितली होती! तिसऱ्या दिवशी एक साक्षीदार वेळेवर आला नाही, वकील म्हणाला उद्या सकाळी घेऊ. साहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणाले आत्ता दोन वाजून दहा मिनिटं झालीयत, बारा लोक कामधंदा सोडून बसलेत, पुढचा साक्षीदार बोलवा. मी हे सांगितलं तर अण्णा फोनवर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एकच केस एका वेळी चालवायला मिळाली तर आमच्या साहेबांनीही केलं असतं गं." आणि ते खरंच आहे, कारण अण्णांच्या बोर्डावर एका दिवसाला साठ-सत्तर केसेस असायच्या. इकडे बहुतेक आरोपी खटल्याआधीच गुन्हा कबूल करून मोकळे होतात, फेडरल कोर्टात शंभरातले जेमतेम दोन-तीन आरोपी खटल्यापर्यंत येतात, म्हणून त्या दोन-तीनांना असा शाही वेळ.

साहेब बोलायचे फार कमी. ऑब्जेक्शन आलं की एक शब्द, सस्टेन्ड (हरकत मान्य) किंवा ओव्हररूल्ड (फेटाळली), आणि परत पिवळ्या पॅडवर हाताने लिहिणं. वकिलांना जवळ बोलावून काही खासगी बोलायचं असलं की आमच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून खरखर सोडायचे, पूर्वी दूरदर्शनला मुंग्या यायच्या तसा आवाज, म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये. मी मात्र त्या खरखरीत साहेबांकडे बघत बसायचे. ते साक्षीदाराकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघायचे. चौथ्या दिवशी जेवणानंतर बँकेच्या स्टेटमेंटची ओळ न ओळ वाचणं चाललं होतं आणि तो रात्रपाळीवाला पोरगा, नंबर अकरा, पेंगायला लागला. साहेबांनी त्याचं नाव नाही, नंबर नाही, काही नाही. "मला पाठीचा त्रास आहे, आपण सगळेच दोन मिनिटं उभे राहू या का?" अख्खं कोर्ट उभं, वकील, आरोपी, सगळे. पोरगा जागा झाला आणि त्याला कळलंही नाही की हे त्याच्यासाठी होतं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "चांगले साहेब आहेत."

सहाव्या दिवशी आम्हाला खोलीत बंद केलं, फोन काढून घेतले. आत काय झालं ते सांगायचं नाही असं माझं मीच ठरवलंय, एवढंच सांगते की दीड दिवस लागला आणि एक बाई रडली. इथे बारापैकी बारा जण एकमत लागतात. अण्णांना हेच मोठं वाटतं, कारण १९०८ ला मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना दोषी ठरवलं ते सात विरुद्ध दोन, सातही गोरे, आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर, जे आधी १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. १९५९ च्या नानावटी खून खटल्यात उलटं, ज्युरी आठ विरुद्ध एक निर्दोष म्हणाली, सेशन्स जजला पटलं नाही, केस हायकोर्टात गेली. बाराच्या बारांचं एकमत लागलं असतं तर टिळक मंडालेला गेले असते का, हा प्रश्न अण्णा मला तीन वेळा विचारून झालेत, जसं काही मीच उत्तर देणार.

आम्ही दोषी म्हटलं. साहेबांनी एकेकाला विचारलं, हाच तुमचा निकाल आहे का. सातव्या नंबरला माझा आवाज फुटेना, पाणी पिऊन "येस" म्हटलं.

आणि मग जे झालं त्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला घेतलं. आम्ही सामान गोळा करत होतो तेवढ्यात दारावर टकटक, आणि साहेब आत. झगा नाही, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हातात कान तुटलेला कॉफीचा मग. प्रत्येकाशी हात मिळवला. म्हणाले केसबद्दल मी बोलणार नाही, बाकी काही विचारायचं असेल तर विचारा. नर्स बाईंनी विचारलं, जज व्हायला कुठली परीक्षा असते?

परीक्षाच नाही! म्हणजे बघा, अण्णांच्या कोर्टातले अर्धे साहेब एमपीएससीची परीक्षा देऊन, तालुक्याच्या कोर्टातून चढत चढत आलेले. इथे घटनेत फेडरल जजसाठी वयाची, अनुभवाची, अगदी कायद्याच्या डिग्रीचीसुद्धा अट लिहिलेली नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवणार, सिनेट (म्हणजे संसदेचं वरचं सभागृह) मान्य करणार, झालं. प्रत्यक्षात मात्र साहेबांनी सांगितलं ते ऐकून परीक्षा परवडली असं वाटलं. ते आधी बरीच वर्षं सरकारी वकील, मग खासगी वकिली. सिनेटरच्या कमिटीला अर्ज, मुलाखत, मग व्हाइट हाऊसकडून फोन. मग सिनेटची प्रश्नावली, आयुष्यात जे लिहिलं, जिथे भाषण केलं, जेवढं कमावलं, सगळं. एफबीआयचे लोक शेजाऱ्यांकडे जाऊन चौकशी करणार. त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी रात्री फोन करून हळूच विचारलं म्हणे, "काय केलंय तुम्ही?" मी जोरात हसले, बाकीच्यांना कळेना का. शिवाय ज्या राज्यातली जागा त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांनी संमतीची निळी चिठ्ठी परत पाठवायची, ती अडकली की डिस्ट्रिक्ट जजचं नाव सहसा तिथेच अडकतं. या सगळ्यात वर्ष गेलं, नवीन अशील येईनात कारण हा माणूस उद्या जज होणार, आणि सिनेटचं मतदान झालं तेव्हा साहेब गाडीचे टायर बदलून घ्यायला रांगेत होते.

रात्रपाळीवाल्या पोराने सरळ पगार विचारला. साहेबांनी सांगितलाही, तो काही गुपित नाही, तेव्हा वर्षाला २,४७,४०० डॉलर. आपल्याला भरपूर वाटतं, पण मोठ्या लॉ फर्मात कॉलेजातून नुकताच आलेला पोरगाही सव्वादोन लाखांवर सुरुवात करतो. साहेबांकडे दोन लॉ क्लार्क असतात, अशीच हुशार पोरं, ती वर्ष-दोन वर्षं शिकून जातात आणि बोनस धरून लगेच साहेबांपेक्षा जास्त कमवायला लागतात, हे त्यांनी हसत सांगितलं.

मी विचारलं, यातलं सगळ्यात अवघड काय? त्यांनी कॉफीचा मग खाली ठेवला. म्हणाले, खटला सोपा, तिथे तुम्ही बारा जण असता. शिक्षेच्या दिवशी तुम्ही नसता. जुलैमध्ये आहे, कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, यायचं तर या.

बंदी उठली तशी मी घरी येऊन पोटभर वाचलं आणि अण्णांना आठवडाभर पुरवून पुरवून सांगितलं. त्यांची पहिली शंका, डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा, मग न्यू जर्सीत जिल्हे किती? फेडरल कोर्टापुरता एकच, अख्खं राज्य. देशभरात असे ९४, आणि न्यू जर्सी १७८९ च्या पहिल्या १३ मधलं. खून, घटस्फोट, भाडेकरूची भांडणं सहसा राज्याच्या वेगळ्या कोर्टात जातात, इथे बँका, पेटंट, राज्याबाहेर पसरलेले ड्रग्जचे धंदे, आणि सरकारविरुद्धचे दावे. म्हणून तर २०१७ ला सिअ‍ॅटलच्या जेम्स रोबार्ट नावाच्या एका डिस्ट्रिक्ट जजने ट्रम्पची प्रवासबंदी देशभर थांबवली. (एवढी देशभराची स्थगिती देण्यावर सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या जूनमध्ये बऱ्यापैकी लगाम घातला.) आणि गुगलने सर्चमध्ये बेकायदा मक्तेदारी चालवली असा २०२४ चा निकाल देणारे अमित मेहता, तेही डिस्ट्रिक्ट जजच, जन्म गुजरातेतल्या पाटणचा.

"आणि बदली?" नाही होत अण्णा. "कधीच?" कधीच. "रिटायरमेंट?" नाही. नेमणूक मरेपर्यंत, पगारही कमी करता येत नाही. काढायचं तर महाभियोग, आणि सव्वादोनशे-अडीचशे वर्षांत सिनेटने काढले असे फेडरल जज आठ, त्यातले पहिले न्यू हॅम्पशायरचे पिकरिंग, १८०४ ला, दारू पिऊन कोर्टात यायचे. पासष्टीनंतर पुरेशी वर्षं भरली की सीनियर स्टेटस घेऊन काम कमी करता येतं पण खुर्ची सुटत नाही. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन, केनेडींनी १९६२ ला नेमलेले, २०१२ ला १०४ व्या वर्षी गेले तोपर्यंत जजच होते, शेवटी शेवटी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसायचे. अण्णांनी यावर फक्त "अरे देवा" म्हटलं. त्यांच्या साहेबांना साठीला घरी जावं लागायचं, आणि त्याच्याआधी दर तीन वर्षांनी मुलांच्या शाळा बदलत गावोगाव फिरावं लागायचं, बंगल्यात लावलेली झाडं पुढच्या साहेबांनी बघायची. बदलीची भीती नसलेला जज कसा वागतो हे त्यांनी आयुष्यात बघितलेलं नाही, असं ते स्वतःच म्हणाले.

एक मात्र मी अण्णांना उशिरा सांगितलं. न्यूअर्कमध्येच बसणाऱ्या एस्थर सालास या डिस्ट्रिक्ट जज, २०२० च्या जुलैमध्ये त्यांच्यासमोर कधीतरी केस चालवलेला एक वकील डिलिव्हरीवाला बनून घरी आला आणि दार उघडायला गेलेल्या वीस वर्षांच्या एकुलत्या एका मुलाला त्याने गोळ्या घातल्या, नवऱ्यालाही. मुलगा गेला. त्यानंतर जजच्या घरचे पत्ते उघड होऊ नयेत म्हणून २०२२ ला त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. त्या परत कामावर आल्या. हे वाचल्यावर मला त्या कान तुटलेल्या मगाची आठवण झाली, इतक्या सहज आमच्या खोलीत आलेला माणूस.

जुलैमध्ये मी सुट्टी टाकून गेले. बारातले आम्ही दोघंच आलो होतो, मी आणि नर्स बाई. मागच्या बाकावर बसलो. ज्युरीच्या खुर्च्या रिकाम्या, आणि ते फार विचित्र दिसतं.

शिक्षा ठरवायला एक तक्ता असतो. उभ्या ४३ ओळी गुन्ह्याच्या गंभीरपणाच्या, आडवे ६ रकाने आधीच्या गुन्ह्यांचे, दोन्ही जिथे भेटतात तिथे महिने लिहिलेले. या माणसाचे ३० ते ३७ महिने आले. पूर्वी हा तक्ता जजवर बंधनकारक होता, २००५ पासून नुसता सल्ला आहे, म्हणजे शेवटी आकडा साहेबांनीच ठरवायचा. फेडरलमध्ये पॅरोलही नाही, चांगल्या वागणुकीचे वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस सुटतात, त्यामुळे दिलेल्या आकड्यातला बराचसा भोगायचाच असतो. सरकारी वकील म्हणाला ३७. बचावाचा म्हणाला तुरुंग नको. मग आरोपीला बोलू दिलं. त्याने कागद आणला होता, दोन ओळी वाचल्या आणि पुढचं वाचता येईना. मागून त्याची आई उठायला लागली, तिला कोणीतरी बसवलं.

साहेबांनी घाई केली नाही. पॅड बाजूला सरकवलं, चष्मा काढला आणि त्याच्याकडे बघून बोलले, दहा-बारा मिनिटं, कागद न बघता. ज्या छोट्या दुकानांना ते कर्ज मिळालंच नाही त्यांच्याबद्दल बोलले, त्याच्या आईच्या पत्राबद्दल बोलले, साक्षीला उभा राहून तो खोटं बोलला त्याबद्दलही. कायदा सांगतो की शिक्षा पुरेशी असावी पण गरजेपेक्षा जास्त नसावी, हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा स्वतःशीच. मग २४ महिने, नंतर तीन वर्षं देखरेख, पैसे परत. आकडा सांगताना आवाज एकदम खाली गेला आणि त्या स्टेनो बाईंनी, ज्या एरवी कोणालाही थांबवतात, मान वर करून बघितलं पण थांबवलं नाही.

नर्स बाई म्हणाल्या कमी झाली. मला कमी की जास्त ते अजून ठरवता आलेलं नाही.

रात्री अण्णांना सगळं सांगितलं, तक्ता, आई, २४ महिने. ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब जेवले का त्या दिवशी?"

मला कसं कळणार? साडेबाराला उठून आत गेले. बाहेरच्या बोर्डावर पुढची केस दीडची होती.